आकाशगंगा हाती आली, पुढे काय?

स्टेलारिस या गेमचा डाव इसवी सन २२०० मध्ये सुरू होतो. हाताशी असतो एक ग्रह, तीन छोट्या लढाऊ नौका, एक बांधकामाचं जहाज आणि एक विज्ञाननौका. विज्ञाननौकेवर शास्त्रज्ञ नेमायचा, तिला शेजारच्या ताऱ्याकडे धाडायचं आणि तिथले ग्रह एकेक करून धुंडाळायचे. मध्येच पडद्यावर चौकट उघडते. कुठल्याशा ओसाड चंद्रावर काहीतरी न उमजणारं दिसलंय, तपास करायचा का? २०१६ साली गेम बाजारात आला तेव्हा त्या चौकटीत अपयशाची शक्यता टक्क्यांत लिहिलेली असे, आणि नशीब अगदीच फिरलं तर शास्त्रज्ञ जिवानिशी जाई. पुढे हा धोका बहुतेक काढून टाकला. आता अवघड तपासाला वेळ जास्त लागतो, इतकंच. मला जुनी रीत आवडायची. शास्त्रज्ञाला नाव होतं, चेहरा होता, वय होतं. त्याला पुढे लोटताना बोट जरा अडखळायचं.

अंतराळ-साम्राज्याचे गेम पहिल्या काही तासांत सहसा वाईट वाटत नाहीत. नकाशा काळोखात असतो, शेजारी कोण आहे ठाऊक नसतं, प्रत्येक नवा तारा म्हणजे न फोडलेलं पाकीट. समीक्षकांना गेम हाती येतो तो बाजारात येण्याच्या थोडा आधी. त्यांचं मत बनतं ते याच तासांत, आणि म्हणून या प्रकाराविषयीची पहिली मतं बहुतेक वेळा उदार असतात. खरा सवाल नंतरचा आहे. सगळा नकाशा उजळला, पन्नास ग्रह ताब्यात आले, शेजारी दबले, की खेळणाऱ्याने करायचं काय? गेली चाळीस वर्षं या प्रकारातले गेम बनवणारे याच सवालाशी झटताहेत, आणि प्रत्येक गेमची यंत्रणा म्हणजे त्याचं एकेक उत्तर आहे असं समजून पाहिलं तर आढावा घेणं सोपं जातं.

सुरुवात बरीच मागे जाते. ऑस्ट्रेलियात रॉजर कीटिंग आणि इयन ट्राउट यांनी १९८३ साली ‘रीच फॉर द स्टार्स’ काढला. वसाहती उभारायच्या, उत्पादन वाढवायचं, जहाजं बांधायची, शेजाऱ्याला चेपायचं, हा साचा तिथेच तयार दिसतो. मात्र या प्रकाराला नाव पडलं १९९३ साली. ‘मास्टर ऑफ ओरायन’ येऊ घातला होता, आणि कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड या मासिकात त्याची ओळख करून देताना अ‍ॅलन एमरिक यांनी त्याला चार एक्सचं बिरूद लावलं. शोधा, पसरा, उपसा, संपवा अशा अर्थाचे चार इंग्रजी शब्द, चारांतही एक्स. तेव्हापासून हे गेम ‘फोर एक्स’ म्हणून ओळखले जातात.

या चारांपैकी पहिल्या दोन गोष्टींत मजा आपोआप येते. तिसरीपासून हिशेबाची वही उघडते. चौथी म्हणजे पुष्कळदा ज्याचा निकाल लागलाय अशा खटल्याची शेवटची कागदपत्रं.

दुखणी दोन आहेत आणि ती वेगळी ठेवायला हवीत. पहिलं कामाच्या ओझ्याचं. ग्रह एक असतो तेव्हा कारखाना आधी की शेत आधी, हा निर्णय जड असतो. ग्रह पन्नास झाले की तोच निर्णय पन्नासदा घ्यावा लागतो आणि एकाही वेळी त्याने काही बिघडत नाही. साम्राज्य वाढतं तसे निर्णय वाढतात आणि त्यांचं वजन उतरतं. दुसरं दुखणं निकालाचं. लहानपणी ‘व्यापार’ खेळताना मुंबईच्या महागड्या जागा एकाच्या हाती गेल्या की बाकीचे नुसते फासे टाकत आणि भाडं भरत बसायचे, तसंच इथे होतं. जो पुढे गेला त्याचं उत्पादन जास्त, म्हणून त्याचं संशोधन जास्त, म्हणून त्याचा ताफा मोठा, म्हणून आणखी ग्रह त्याचेच. निकाल दिसतो, डाव मात्र संपत नाही.

टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या सिमटेक्स कंपनीत स्टीव्ह बार्सिया यांनी केलेल्या मूळ मास्टर ऑफ ओरायनने या दोन्हींवर १९९३ मध्येच जे उपाय काढले ते आजही पाहण्यासारखे आहेत. त्यात ग्रहावर इमारतींची यादी नाही. पाच पट्ट्या आहेत: जहाजं, संरक्षण, उद्योग, पर्यावरण, संशोधन. ग्रहाचं उत्पादन या पाचांत वाटायचं, संपलं. पर्यावरणाची पट्टी किती सरकवली की कारखान्यांचा कचरा साफ होईल, ते शेजारी लिहून येतं. त्याहून कमी ठेवली तर प्रदूषण साचत जातं आणि तो ग्रह पूर्वीइतकी माणसं पोसू शकत नाही. कारखाने उभे राहून संपले की उद्योगाची पट्टी मागे घ्यायची आणि संशोधनाची पुढे करायची. ग्रहाकडे परत जायचं ते तंत्रज्ञानात मोठा फरक पडला तरच. ग्रह तीस झाले तरी वळसा घालायला दोन-चार मिनिटं पुरतात.

त्यातली आक्रमणाची रीत तर मला या सबंध प्रकारातली सगळ्यात चोख वाटते. वेगळं सैन्य असं काही बांधायचं नाहीच. शत्रूच्या ग्रहावर उतरवायची ती तुमच्याच ग्रहावरची माणसं, एका खेपेला जास्तीत जास्त निम्मी. म्हणजे कारखान्यात जे हात होते तेच लढायला गेले. चढाई फसली तर माणसंही गेली आणि घरचं उत्पादनही बसलं. युद्धाची किंमत समजावून सांगायला वेगळा आकडा लागत नाही, ती ग्रहाच्या पडद्यावर समोर दिसते.

निकालाच्या दुखण्यावर तिथे महासभा आहे. आकाशगंगेचा बराच भाग वसला की ठराविक काळाने सगळ्या वंशांची सभा भरते, मतं लोकसंख्येच्या प्रमाणात असतात आणि ज्याला दोन तृतीयांश मिळतील तो सम्राट. तुम्ही सर्वात मोठे असाल आणि दोन-तीन शेजाऱ्यांना राजी राखलं असेल, तर उरलेले शंभर टर्न न खेळताच डाव जिंकता. उलट दुसराच कुणी निवडून आला तर निकाल मानायचा किंवा झुगारून सगळ्यांचं वैर ओढवून घ्यायचं. ज्याचा निकाल दिसतोय तो डाव लवकर आटोपण्याची याहून शिस्तशीर सोय पुढच्या तीस वर्षांत फार थोड्यांनी केली. तिकडे टेबलावरच्या ‘ट्वायलाइट इम्पेरियम’मध्ये जिंकणं दहा गुणांवर ठेवलंय, जग जिंकण्यावर नाही, त्यामागे हाच शहाणपणा आहे.

पण लोकांना अधिक जवळचा वाटला तो १९९६ चा दुसरा भाग. त्यात ग्रहावर इमारती आल्या, शेतकरी-कामगार-शास्त्रज्ञ अशी माणसांची वाटणी आली, संशोधनात एका पायरीवरच्या दोन-तीन गोष्टींतली एकच निवडायची सक्ती आली. ही सक्ती फार चांगली होती: एक घेतलं की बाकीचं गेलं, मग ते शेजाऱ्याकडून अदलाबदलीने किंवा हेरगिरीने मिळवा. इमारती मात्र पहिल्या पाच ग्रहांपुरत्या गोड लागतात. विसाव्या ग्रहावर तीच रांग पुन्हा लावताना आपण सम्राट आहोत की तालुक्याचे कारकून, असा प्रश्न पडतो. दुसरा भाग श्रेष्ठ की पहिला, यावर जुने खेळाडू अजून हमरीतुमरीवर येतात. माझं मत पहिल्याला. दुसरा सुरुवातीला जास्त आवडतो, पहिला शेवटपर्यंत टिकतो.

२००३ च्या तिसऱ्या भागाने ओझ्यावर उपाय म्हणून ग्रहांवर संगणकी सुभेदार बसवले. कल्पना रास्त होती. साम्राज्य चालवणारा माणूस प्रत्येक गावची विहीर खणत नाही. पण हे सुभेदार काय करतात आणि का करतात ते कळेना, तुम्ही दिलेला हुकूम ते परस्पर फिरवत, आणि पडद्यामागून पडदे उघडत गेलं तरी कुठल्या आकड्याने कुठला आकडा हलतो याचा पत्ता लागेना. गेम सपाटून आपटला. सुरुवातीला त्याची रचना करणारे होते खुद्द अ‍ॅलन एमरिक, फोर एक्स हे नाव देणारे. गेम पुरा होण्याआधीच ते बाहेर पडले होते.

काम सोपवण्याचं हे कोडं स्टेलारिसलाही चुकलं नाही. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्सने मे २०१६ मध्ये तो आणला आणि पहिल्या चोवीस तासांत दोन लाखांवर प्रती खपल्या. तेव्हाच्या रचनेत ग्रह म्हणजे चौकोनांचा पट होता. मोठ्या ग्रहावर पंचवीसपर्यंत चौकोन, एका चौकोनात एक इमारत आणि एक लोकसमूह. बघताक्षणी कळणारी मांडणी. ठराविक संख्येपलीकडचे ग्रह मात्र स्वतः सांभाळता येत नसत, त्यांचा सुभा करून संगणकाकडे द्यावा लागे. आणि सुभेदार पीकपाण्याच्या चौकोनात भलतीच इमारत उभी करून ठेवी. खेळाडू कळवळायचे, कारण ते ग्रह त्यांनी स्वतः धुंडाळलेले, स्वतः वसवलेले असत. हातचं काढून दुसऱ्याला द्यायचं आणि त्याने ते नासवलेलं बघत बसायचं, यात करमणूक कसली?

हेच काम ‘डिस्टंट वर्ल्ड्स’ने २०१० मध्ये वेगळ्या बाजूने धरलं होतं. तिथे अर्थव्यवस्थेचा मोठा भाग मुळात तुमचा नाहीच. मालवाहू जहाजं, खाणकामाची जहाजं, प्रवासी नौका खासगी मालकीच्या. त्या कुठे जायचं ते त्यांचं त्या ठरवतात. तुमच्या गोदीत जहाज बांधून घेतात, त्याचे पैसे तिजोरीत येतात. व्यापार चालला की कर येतो. राजाने तळ उभारायचे, चाचे हटवायचे, इंधनाचे साठे राखायचे. एखाद्या सीमेवरच्या तळावर नजर रोखून बसलं तर शेकडो जहाजं ये-जा करताना दिसतात, आणि त्यांतलं एकही तुम्ही हाकलेलं नसतं. उरलेला कारभारही हवा तितका यंत्राला सोपवता येतो, अगदी एकच ताफा स्वतःकडे ठेवून बाकी सगळं. इथे कुणी कळवळत नाही, कारण जे सोपवलं ते हिसकावून घेतलेलं वाटत नाही, आणि हवं तेव्हा परत घेता येतं. २०१४ च्या ‘युनिव्हर्स’ आवृत्तीत नकाशावर चौदाशे ताऱ्यांपर्यंत मजल गेली आणि तरीही डाव खेळण्याजोगा राहिला, तो यामुळे.

पहिल्या छापेबद्दल बोलायचं तर डिस्टंट वर्ल्ड्सची छाप वाईटच पडते. पडदे करड्या रंगाचे, अक्षरं बारीक, सुरुवातीलाच यंत्र तुमच्या वतीने दहा गोष्टी करून मोकळं होतं. पाच तासांनंतर गुण द्यायला लावले तर तो शेवटून पहिला येईल. चाळीस तासांनंतर मी त्याला वरच्या दोनांत ठेवेन.

आणि मग ‘ऑरोरा’. स्टीव्ह वॉमस्ली या एका माणसाने वर्षानुवर्षं घडवलेला, फुकट मिळणारा गेम. चित्रं नाहीत म्हटलं तरी चालेल. काळ्या पडद्यावर ठिपके, त्यांची नावं, आणि तक्त्यांमागून तक्ते. अकरा प्रकारची काल्पनिक खनिजं, प्रत्येकाचा साठा संपणारा. क्षेपणास्त्र हवं तर त्याचं इंजिन किती, इंधन किती, स्फोटक किती हे स्वतः ठरवा. ताफा दूर पाठवला आणि तेलवाहू जहाज मागे राहिलं तर ताफा तिथेच अडकून पडतो. कामाचं ओझं हे दुखणं आहे असं ऑरोरा मानतच नाही. ओझं हाच त्याचा खेळ. ज्याला रेल्वेचं वेळापत्रक वाचायला आवडतं त्याने जरूर उघडावा, इतरांनी नमस्कार करून पुढे जावं.

दुसऱ्या दुखण्यावर, म्हणजे पुढे गेलेला पुढेच जातो यावर, सर्वात देखणा उपाय संगणकाबाहेर सापडतो. फिनलंडच्या टौको ताहकोकालिओ यांचा ‘एक्लिप्स’ हा २०११ चा टेबलावरचा खेळ. प्रत्येकासमोर चकत्यांची एक ओळ असते. नवा प्रदेश घेतला की त्यावर एक चकती ठेवायची, आणि संशोधन, बांधणी, चाल असं काहीही करायचं तरी एक चकती उचलायची. ओळीतून चकती उचलली की खालचा आकडा उघडा पडतो, तो त्या फेरीचा खर्च. फेरी संपली की कामाच्या चकत्या परत येतात, प्रदेशावरच्या तिथेच राहतात. राज्य जितकं पसरलेलं, तितकं पुढच्या फेरीत काहीही करणं महाग. एकही नियम वाचून दाखवावा लागत नाही, लाकडाच्या चकत्या सगळं सांगतात. स्टेलारिसमध्ये साम्राज्याच्या आकारानुसार संशोधन महाग होतं, तत्त्व तेच. पण तिथे तो कोपऱ्यातला एक टक्का आहे, त्याचा चटका बसत नाही.

स्टेलारिसने त्याऐवजी बाहेरून संकट आणलं. डाव उतरणीला लागला की आकाशगंगेपलीकडून सगळं खात येणारी टोळधाड, दुसऱ्याच मितीतून उतरलेले ऊर्जाजीव किंवा बंडाला उठलेली यंत्रं, यांपैकी एक कुणीतरी येतं. शिवाय आधीपासून बसलेली काही पतित साम्राज्यं असतात, सुस्तावलेली पण तुमच्यापेक्षा कैक पटींनी बलाढ्य, त्यांच्या कुंपणाला हात लावला तर उठून बसणारी. कल्पना झकास. अंमलात मात्र एक गोम राहते. संकट येतं तेव्हा तुम्ही एकतर इतके मोठे झालेले असता की ते किरकोळ वाटतं, किंवा इतके लहान की पुढचा तास नुसता स्वतःचा विध्वंस बघण्यात जातो. नेमक्या मापाचं संकट क्वचित भेटतं. भेटलं की ती रात्र विसरत नाही.

प्रवासाच्या नियमांकडे पहिल्या छापेत कुणाचं लक्ष जात नाही, आणि माझ्या मते बाकी सगळं त्यांवर उभं आहे. नौका कुठूनही कुठेही जाऊ शकत असतील तर सीमा म्हणजे नकाशावरचा रंग. मोक्याची जागा नाही, नाकं नाही, अडवणारी खिंड नाही. ‘सोर्ड ऑफ द स्टार्स’ने २००६ मध्ये यावर एक धाडस केलं: प्रत्येक वंशाची प्रवासाची रीतच निराळी. माणसं ठराविक वाटांवरूनच वेगाने धावतात. हायव्हर प्रकाशापेक्षा हळू रांगत जातात, पण पोचले की दरवाजा उभारतात आणि मग मागची अख्खी फौज एका क्षणात तिथे. लीर ताऱ्यांच्या जवळ येता येता मंदावतात. वंश बदलला की नकाशाच बदलतो, तोच तारा एकाला दारात आणि दुसऱ्याला परदेशात.

स्टेलारिसनेही २०१६ ला तीन रीती दिल्या होत्या: मोकळी उडी, ठरलेल्या वाटा आणि कृमिविवरांचे तळ. ऐकायला श्रीमंती. प्रत्यक्षात शत्रूच्या मागे धावताना लपंडाव व्हायचा, तटबंदी बांधण्यात अर्थ नसायचा, आणि दोन्ही बाजू सगळी जहाजं एका ढिगात घालून फिरायच्या. ढीग ढिगावर आपटला की युद्ध संपलं. फेब्रुवारी २०१८ च्या २.० आवृत्तीत दोन रीती सरळ काढून टाकल्या, सगळ्यांना ठरलेल्या वाटा. लोकांनी पैसे मोजून घेतलेला भाग कंपनीने परत घेतला म्हणून ओरड झाली, ती गैर नव्हती. पण गेम त्यानेच सुधारला. वाटा आल्या तशी नाकी आली, नाक्यांवर तळ आले, आणि कुठला शेजारी कुठल्या दाराने येईल याचा विचार पहिल्यांदा सुरू झाला. सोर्ड ऑफ द स्टार्सची रीत जास्त कल्पक, स्टेलारिसची निवड जास्त खेळण्याजोगी, असं मी म्हणेन.

वेगळेपणातून कंटाळा मारायचा मार्ग पॅरिसच्या अँप्लिट्यूडने ‘एंडलेस स्पेस २’मध्ये (२०१७) जास्त नीट वापरला. क्रेव्हर ज्या ग्रहावर बसतात तो खाऊन पोखरून टाकतात, म्हणून त्यांना सतत पुढे सरकावंच लागतं. व्होडयानी ग्रहांवर राहतच नाहीत, प्रचंड नौकांमध्ये राहतात आणि ताऱ्याशी नांगर टाकतात. अनफॉलन वेलीसारखे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे पसरतात. चित्रं आणि संगीत या प्रकारात सर्वोत्तम. युद्धात फक्त डावपेचाचं पान निवडायचं आणि चित्रपट बघायचा, हे मात्र दहाव्या लढाईनंतर पाहवत नाही. ‘गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स २’ची (२००६) ख्याती वेगळ्याच कारणासाठी: त्यातला संगणकी प्रतिस्पर्धी. सीमेवर फौज जमवायला लागलात की तो संदेश धाडून सांगतो, दिसतंय आम्हाला. आणि ‘सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर’ने (२००८) सगळं थेट वेळेत धावतं केलं, त्यामुळे कारकुनीला फुरसतच उरली नाही. हाही एक इलाज.

राहता राहिली गोष्ट सांगण्याची युक्ती. स्टेलारिसचं संशोधन झाडासारखं आखलेलं नाही. भौतिक, सामाजिक आणि अभियांत्रिकी अशा तीन शाखा, आणि प्रत्येकीत सुरुवातीला तीन पानं समोर येतात. एक घ्यायचं, उरलेली गड्डीत परत, पुन्हा कधी येतील सांगता येत नाही. एखादं दुर्मीळ पान जांभळ्या रंगात झळकलं की ठरवलेले सगळे बेत बाजूला. पाठ केलेल्या क्रमाने जिंकणाऱ्यांना यामुळे आळा बसतो, आणि प्रत्येक डावाला स्वतःचा इतिहास मिळतो. विचित्र शोधांच्या चौकटींचं तसं नाही. त्या पहिल्या डावात भुरळ घालतात; तिसऱ्या-चौथ्या डावात मजकूर न वाचता कोणतं बटण जास्त खनिजं देतं तेवढं बघून बोट पुढे जातं. लिहिलेली गोष्ट पुन्हा भेटली की तिची पाटी होते, नियमांतून आपसूक घडलेली गोष्ट दर वेळी नवी असते. म्हणून पॅराडॉक्स दर वर्षी नव्या गोष्टींचे जोडभाग विकतं, आणि खेळाडू चरफडत ते विकत घेतात.

चौथ्या एक्सबद्दल दोन शब्द. ‘संपवा’ या कामाला या गेममध्ये खरोखर पडदा आहे. स्टेलारिसमध्ये जिंकलेल्या वंशाचं काय करायचं ते यादीतून निवडता येतं: नागरिकत्व, गुलामी, हकालपट्टी, कत्तल. शेजारी महिन्याच्या उत्पन्नाचा आकडा. तितकाच खिळवून ठेवणारा पडदा मागासलेल्या ग्रहांचा. अवकाशात अजून न पोचलेली जमात सापडली की तिच्यावर निरीक्षण-तळ उभारायचा आणि धोरण ठरवायचं. नुसतं बघायचं, पळवून नेऊन चिरफाड करायची, गुपचूप आपली माणसं घुसवायची, की तंत्रज्ञान देऊन ‘प्रबुद्ध’ करायचं. या शेवटच्या पर्यायानंतर ते तुमचे मांडलिक होतात. डिसेंबर २०१८ च्या ‘मेगाकॉर्प’ जोडभागात तर साम्राज्याऐवजी कंपनीच चालवता येते. व्यापारी करार करायचा, दुसऱ्याच्या ग्रहावर शाखा उघडायची आणि त्याच्या जिवावर नफा घरी आणायचा. सुरत आणि राजापूरच्या वखारींचा इतिहास शाळेत शिकलेल्याला हा पडदा जरा जास्तच लवकर समजतो. गेम यावर भाष्य करत नाही. कुणी करावं असंही नाही. पण कत्तलीचं बटण आणि शेतीचं बटण एकाच आकाराचं असणं, हा या प्रकाराचा स्वभाव सांगणारा तपशील आहे.

पहिल्या छापेवर भरवसा ठेवू नये याला आता आणखी एक कारण झालंय: गेमच जागेवर राहत नाही. पॅराडॉक्सने आवृत्त्यांना विज्ञानकथालेखकांची नावं द्यायची प्रथा पाडली, आणि २०१८ च्या डिसेंबरात आलेल्या ल ग्विन या २.२ आवृत्तीने तो चौकोनांचा पट संपूर्ण पुसला. त्या जागी नोकऱ्या, वस्त्या, बेकारी, गुन्हेगारी. अर्थव्यवस्था खोल झाली यात शंका नाही. पण प्रत्येक लोकसमूह कुठली नोकरी धरायची याचा हिशेब करत बसल्याने उत्तरार्धात चांगले संगणकही धापा टाकू लागले. मे २०२५ च्या ४.० ने लोकसंख्येची मोजणीच पुन्हा मांडली, माणसं गटांमध्ये बांधली. ती आवृत्ती कच्चीच बाहेर पडली आणि मागोमाग दुरुस्त्यांचा पाऊस पडला. २०१६ ची समीक्षा आज वाचाल तर ती अस्तित्वात नसलेल्या गेमची आहे. सुरुवात बहारदार, मध्य रिकामा, सुभेदार निरुपयोगी, मुत्सद्देगिरी पातळ, असा तिचा तेव्हाचा सूर होता. नऊ वर्षांत सुभेदारांचं दुखणं कमी झालं, मुत्सद्देगिरीला महासभा आणि हेरगिरी मिळाली, मध्य भरला. मात्र तो पुष्कळदा सूचनांनी भरला, निर्णयांनी नव्हे. कोपऱ्यात बेकारांची घंटा वाजते, तुम्ही जाता, एक वस्ती वाढवता, परत येता, पुन्हा घंटा. ग्रह पंचवीस चौकोनांचा होता तेव्हा तो एकदा भरला की पुन्हा हाक मारायचा नाही.

नव्याने या प्रकाराकडे वळणाऱ्याला मी काय सांगेन? फुरसत एका संध्याकाळची असेल आणि चार मित्र असतील तर एक्लिप्स. तीस वर्षांपूर्वीची चित्रं चालत असतील तर पहिला मास्टर ऑफ ओरायन. जुन्या संगणकावरही धावतो आणि एका रविवारात संपतो. चिकाटी असेल तर डिस्टंट वर्ल्ड्स, सुरुवातीला सगळं यंत्राकडे ठेवून, मग एकेक काम परत मागून घेत. आणि स्टेलारिसच हवा असेल, बहुतेकांना तोच हवा असतो, तर जोडभाग एकही न घेता सुरू करा. नवी आवृत्ती आवडली नाही तर स्टीमवर जुन्या आवृत्त्याही उतरवून घेता येतात. नकाशा विचारताना गेम सहाशे ताऱ्यांचा सुचवतो. तो दोनशेवर आणा. शेजारी लवकर भेटतात, नाकी लवकर ठरतात, आणि विसावा ग्रह वसवायची वेळ बहुधा येतच नाही.